वीस क्लिक वर, वीस उजवीकडे

घोडी गेली. तिचा ट्रेलर विकला,
बावीस हजार रँड आले.
लिफाफा घेऊन गेले फ्लोरिस ऊमच्या दुकानात.
कारूत काकाला ऊम म्हणतात, सख्खा असो वा नसो.
पुढे मेंढ्यांचं जंतनाशक, कुंपणाची तार,
मागच्या खोलीत रायफली
आणि त्याचा चष्मा, जो त्याला कधीच सापडत नाही.

म्हटलं, पहिलीच दुर्बीण आहे, सगळ्यात मोठं दाखवणारी द्या.
पंचवीस पट. तीस असेल तर तीस.

तो हसला नाही.
कडा घासलेली एक जुनी दुर्बीण काढली,
मागचं दार उघडून वाळूच्या पिशवीवर टेकवली.
"फान वेकांची पवनचक्की. पाती मोज."

दुपारचा दीड. पंचवीस पटीला
पवनचक्की नव्हतीच तिथे.
उकळत्या पाण्याच्या तळाशी टाकल्यासारखी पाती
विरघळायची, जुळायची, परत विरघळायची,
आणि सगळ्यावर एक ठोका:
धप्. धप्.
दुर्बीण सैल आहे का हो?
"ते तुझं काळीज, इल्झे.
मोठं करायला घेतलं की सगळंच मोठं होतं."

मग कडं फिरवून बारावर आणलं.
पवनचक्की लहान झाली आणि उभी राहिली.
मृगजळ आता उकळत नव्हतं, वाहत होतं,
डावीकडून उजवीकडे, पावसाळी ओढ्याइतकं आडवं.
"लोक याला शिव्या देतात," तो म्हणाला,
"मी चाळीस वर्षं याच्याकडूनच वारा शिकतोय."

काच स्वच्छ हवी, हे मला माहीत होतं.
हे माहीत नव्हतं, की डोकं जरासं हललं
तर फुलीही लक्ष्यावरून सरकते,
बंदूक जागची हललेली नसताना.
बाजूची एक चकती फिरवायची,
फुली लक्ष्याला चिकटेपर्यंत.
एवढी चकती माझ्या लग्नाला असती तर,
असं मनात आलं; बोलले नाही.

तीन दुर्बिणी घेऊन आम्ही त्याच्या कोरड्या बंधाऱ्यावर गेलो.
शंभर मीटरवर कागद. एक क्लिक, एक सेंटिमीटर.
मध्ये एक गोळी.
वीस क्लिक वर, गोळी.
वीस उजवीकडे, गोळी. वीस खाली, गोळी.
वीस डावीकडे, आणि ही गोळी
पहिल्याच भोकातून गेली पाहिजे.

सगळ्यात चमकदार होती ती परत आलीच नाही,
तीन बोटं बाजूला राहिली.
दुसरीचे क्लिक ओल्या बिस्किटासारखे, मोजता येईनात.
तिसरी कुणीतरी वापरून परत केलेली,
खोक्याचा कोपरा उंदराने खाल्लेला.
तिने पाचवी गोळी पहिलीच्या अंगावर नेऊन ठेवली.
"गेलेलं परत आणते ती घे," फ्लोरिस ऊम म्हणाला
आणि लगेच खोकल्याच्या गोळ्या शोधायला लागला.

चौदा हजार. उरलेल्यात कड्या,
पाणपातळीचा एक इवला बुडबुडा, आणि काडतुसं.
भिंगावर सगळं उधळशील तर
मारशील काय, लिफाफा?

रविवारी आठशे मीटर.
पांढरा रंग दिलेला पोलादी पत्रा, माझ्या नखाहून लहान.
एकसष्ट क्लिक वर.
पहिली गोळी: उजवीकडे लाल धूळ.
मृगजळ तेच सांगत होतं, मी ऐकलं नव्हतं.
फुली थोडी डावीकडे धरली,
दोन ठोक्यांमधल्या रिकाम्या जागेत चाप ओढला.

पत्रा हलला. आवाज नाही.
आधी दिसलं, मग वाट पाहिली,
मग सगळं माळरान ओलांडून तो आला,
सिमेंटवर नाल पडावी तसा,
तिच्या पुढच्या उजव्या पायाची, जी कायम जरा सैल असायची.

मी उठले नाही.
क्लिक मोजत शून्यावर परतत राहिले.
एकसष्ट. साठ. एकोणसाठ.
फ्लोरिस ऊम मागे उभा होता,
चष्मा कपाळावर, खिशात शोधत.